खंडणी, तारण आणि आईच्या पाटल्या

प्रश्न कोथरूडच्या एका तरुण वाचकाचा आहे. मित्राच्या घरच्यांबरोबर तो गुड फ्रायडेच्या उपासनेला गेला होता. बारा ते तीन पूर्ण वेळ बसला, आणि घरी येऊन त्यानं लिहिलं: ‘देव प्रेमळ आहे असं तुम्ही म्हणता. मग क्षमा करायला त्याला रक्त कशाला लागलं? आणि बायबलच्या वाचनात “खंडणी” हा शब्द आला तो ऐकून दचकलोच. खंडणी कोणी, कोणाला भरली? शिवाय ईस्टरला मित्र पुन्हा बोलावतोय. प्रभुभोजनाच्या वेळी मी काय करायचं?’

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो शेवटीच घेतो. पहिल्या दोन प्रश्नांनी मला चाळीस वर्षं चर्चमध्ये पाळकी करताना सोडलेलं नाही.

सुरुवात तुम्ही जिथं दचकलात तिथूनच करू. मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी सेवा करून घ्यायला आलेलो नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. मराठी भाषांतर झालं तेव्हा खंडणी म्हणजे मांडलिक राजानं भरायची रक्कम, किंवा कैद्याला सोडवायला द्यायचा पैसा. आज पुण्यात सकाळी पेपर उघडला की खंडणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बिल्डरला फोन येतो, दुकानदाराला चिठ्ठी येते. हा शब्द ऐकल्यावर देव फोनच्या पलीकडच्या टोकाला बसलेला दिसणार, यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. शब्द तोच राहिला आणि त्याच्याभोवतीचं गाव बदललं.

मूळ ग्रीक शब्द ‘लुट्रॉन’. गुलामाला किंवा युद्धकैद्याला मोकळं करण्यासाठी मोजायची किंमत. त्यामागे उभी असलेली हिब्रू कल्पना मात्र बाजारातली नाही, घरातली आहे, आणि तिला मराठीत नेमकं क्रियापद आहे: सोडवणे. दागिने सोडवून आणणे यातलं सोडवणे.

मी सात-आठ वर्षांचा असताना वडील आजारी पडले. टीबी होता, कामावर जाणं बंद झालं. आईच्या पाटल्या रविवार पेठेतल्या एका सराफाकडे गहाण पडल्या. मुदत संपत आली तशी आई रात्री चिठ्ठी काढून तारीख बघायची आणि परत बायबलात ठेवायची. एका शनिवारी खडकीहून मामा आला. तो दारूगोळा कारखान्यात कामाला होता. काही न बोलता त्यानं आईकडून चिठ्ठी मागून घेतली आणि मला सोबत नेलं. सराफानं आतून एक लहान कापडी पिशवी आणली, आमच्यासमोर लाखेचं सील तोडलं, पाटल्या तराजूत टाकून वजन दाखवलं. मामानं नोटा मोजून दिल्या. मग चिठ्ठीवर शिक्का पडला आणि मामानं ती तिथंच फाडली. परत येताना त्यानं माझा हात धरला होता, तेव्हा मला दिसलं की त्याच्या मनगटावर घड्याळ नाही. पट्ट्याच्या जागी फक्त पांढरा वळ होता.

बायबलमध्ये अशा मामाला शब्द आहे. हिब्रूत त्याला ‘गोएल’ म्हणतात, म्हणजे सोडवण्याचा हक्क आणि कर्तव्य असलेला जवळचा नातलग. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचा कायदाच दिला आहे. भाऊबंद कंगाल होऊन त्यानं वतन विकलं, तर जवळच्या आप्तानं ते सोडवावं. त्यानं स्वतःलाच विकून टाकलं असेल, तर त्यालाही सोडवावं. रूथच्या पुस्तकात हे प्रत्यक्ष घडताना दिसतं. बवाज गावाच्या वेशीत दहा वडीलधारी माणसं बसवतो आणि त्याच्याहून जवळच्या आप्ताला विचारतो, वारलेल्या नातलगाची जमीन तू सोडवतोस का? जमिनीचं ऐकून तो लगेच हो म्हणतो. पण जमिनीबरोबर त्या घरची विधवा मवाबी सून रूथही आहे हे कळल्यावर म्हणतो, नको, माझं स्वतःचं वतन बुडेल. आणि पायातलं पायतण काढून देतो. व्यवहार पक्का झाल्याची ती खूण. वाटेहिश्श्याच्या बैठका पाहिलेल्या कुणालाही ही मंडळी ओळखीची वाटतील.

सोडवायला नातं लागतं आणि पदरमोड लागते, दोन्ही. पहिल्या आप्ताकडे नातं होतं, पदरमोडीची तयारी नव्हती.

ख्रिस्ती माणूस येशूला तारणारा म्हणतो तेव्हा हे चित्र त्याच्या मनात असायला हवं. ‘तारण’ या शब्दाची मराठीत गंमतच आहे. लक्ष्मी रोडवर सोनेतारण कर्जाच्या पाट्या लागतात त्यातलं तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू, आणि आमच्या चर्चमधलं तारण म्हणजे सुटका. गहाण पडलेलं आणि सोडवलेलं, दोन्ही एकाच शब्दात. मी उपदेशात हे इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या चर्चमधली पोरं ‘आता सोनेतारण येणार’ असं एकमेकांच्या कानात कुजबुजायची.

आता तुमचा नेमका प्रश्न. ही किंमत भरली कोणाला?

ख्रिस्ती मंडळीत या प्रश्नावर सतराशे-अठराशे वर्षं वाद चालू आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेननं म्हटलं, सैतानाला, कारण माणूस त्याच्या कैदेत होता. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे लाजिरवाणं वाटलं: देवानं दरोडेखोराला खंडणी द्यायची? मग त्यानं उलटा प्रश्न विचारला, की पित्याला भरली म्हणावं, तर ज्यानं अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही आणि त्याच्या जागी एडका दिला, त्याला स्वतःच्या पुत्राच्या रक्तात कसली गोडी असणार? पुढे, कँटरबरीचा आर्चबिशप असलेल्या अन्सेल्मनं १०९८ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात सैतानाला बाजूला सारून देवाच्या सन्मानाची भाषा आणली. पापामुळे देवाचा मान भंगला, त्याची भरपाई माणसानं करायला हवी, पण ती फक्त देवच करू शकतो, म्हणून देव माणूस झाला. मांडणी फार रेखीव आहे, पण तिच्यात त्या काळच्या सरंजामदारांच्या इभ्रतीचा वास येतो. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी सन्मानाच्या जागी कायदा, न्यायाधीश आणि शिक्षा आणली. पुण्यामुंबईतल्या आमच्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही हेच ऐकू येतं.

तुम्हांला कदाचित आश्चर्य वाटेल, पण यातली कुठलीच उपपत्ती सार्वत्रिक धर्मसभांनी कधी सक्तीची केली नाही. निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या जुन्या श्रद्धेच्या कबुलीत, ख्रिस्त ‘आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ आला आणि ‘आमच्यासाठी’ क्रूसावर खिळला गेला एवढंच आहे. कसं, ते लिहिलेलं नाही.

माझं मत विचाराल तर ‘कोणाला’ हा प्रश्न उपमा नको तितकी ताणल्यामुळे उभा राहतो. निर्गमच्या सहाव्या अध्यायात देव इस्राएलाला म्हणतो, मी तुम्हांला मिसरच्या दास्यातून सोडवीन. क्रियापद गोएलचंच आहे. मग देवानं मिसरच्या राजाला, फारोला, किती पैसे मोजले? एक छदामही नाही. म्हणजे बायबलच्या भाषेत ‘सोडवणे’ यात सोडवणाऱ्याला खर्च येतो, पण त्या खर्चाची पावती फाडणारा कोणी समोर असलाच पाहिजे असं नाही. मामाचं घड्याळ सराफाला मिळालं नाही, पण मामाच्या हातावरून ते गेलं.

आता रक्ताकडे येऊ.

बळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतला बोकड येतो. नवस बोललेला असतो, तो फेडायचा असतो, नाही फेडला तर कोप होईल ही भीती असते. तीच चौकट आपण नकळत बायबलवर बसवतो. कित्येक ख्रिस्ती उपदेशकही बसवतात. मात्र लेवीयचं पुस्तक सावकाश वाचलं तर ती बसत नाही. (मला माहीत आहे, वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प बहुतेकांचा तिथंच मोडतो.)

तिथं पाच प्रकारची अर्पणं आहेत. एक निव्वळ धान्याचं, त्यात रक्त नाहीच. एक शांत्यर्पण, ज्याचं मांस अर्पण करणारा घरच्यांसह बसून खातो. आपल्याकडचा प्रसाद आठवावा. पापार्पणातही आर्थिक परिस्थिती पाहिलेली आहे. ऐपत असेल तर शेळी किंवा मेंढी, नसेल तर दोन पारवे, आणि तेही परवडत नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरच्या डब्यात मावेल एवढं. त्या मूठभर पिठानंही त्या गरिबाला क्षमा मिळते, असं स्पष्ट लिहिलंय. देवाला रक्ताची तहान असती तर त्यानं पीठ चालवून घेतलं नसतं. लूक लिहितो की मरीया आणि योसेफ बाळ येशूला मंदिरात घेऊन गेले तेव्हा त्यांनी पक्ष्यांची जोडी अर्पण केली. बाळंतिणीच्या शुद्धीचं गरिबाचं अर्पण हेच होतं. कोकरू त्यांना परवडलं नसावं.

प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणत. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजक साऱ्या लोकांची पापं कबूल करतो, तो बकरा कापला जात नाही, त्याला रानात सोडून देतात. कापला जातो तो दुसरा, आणि त्याच्या रक्तानं पवित्रस्थान शुद्ध करतात. म्हणजे तिथं रक्त शिक्षेसाठी नाही, शुद्धीसाठी आहे. आपल्याकडे घरात गोमूत्र किंवा गंगाजल शिंपडतात ना, कृतीचा अर्थ त्याच्या जवळ जातो. लेवीयच्या सतराव्या अध्यायात कारणही दिलंय: प्राण्याचं जीवन रक्तात असतं, आणि ते ‘मी तुम्हांला दिलं आहे’. या वाक्याचा कर्ता कोण ते बघा. वेदीवरचं रक्त माणूस देवाला देतोय असं आपण समजतो, आणि देव म्हणतो, ते मीच तुम्हांला दिलंय.

त्यातही या अर्पणांनी सगळं भागत नव्हतं. जाणूनबुजून, हात उगारून केलेल्या पापाला अर्पणाची सोयच नव्हती. दावीद राजानं दुसऱ्याची बायको नेली आणि नवऱ्याला लढाईत पुढं करून मारवलं, त्याला कुठला बोकड पुरणार? एक्कावन्नावं स्तोत्र परंपरेनं त्याच्याच तोंडी दिलं आहे. त्यात तो म्हणतो, यज्ञ तुला आवडत असता तर मी केला असता. देवाला चालणारा यज्ञ म्हणजे भग्न हृदय. होशेय संदेष्टाही देवाच्या वतीनं सांगतो, मला यज्ञ नको, दया हवी. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू हे वाक्य एकदा नाही, दोनदा काढतो.

मग येशूच्या मरणाला यज्ञ का म्हणायचं?

त्या दिवशी गुलगुथ्यावर, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं त्या जागी, कोणालाही यज्ञ दिसला नव्हता. वेदी नव्हती, याजक नव्हता, मंदिर शहराच्या आत राहिलं होतं. रोमी सुभेदार पंतय पिलात यानं गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा एका गालीलकराला दिली, एवढंच दिसलं. शिष्य पळून गेले होते. पुनरुत्थानाची खात्री पटल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हे काय घडलं ते सांगायला शब्द शोधले. जवळ होते तेच शब्द त्यांनी वापरले: मिसरमधून सुटकेच्या सणाचं, वल्हांडणाचं, कोकरू, प्रायश्चित्ताचा दिवस, गुलामाची सोडवणूक, यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःखी सेवक. त्यानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की ‘ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला’ हे मला इतरांकडून मिळालेलं मी तुम्हांला देतो आहे. म्हणजे हा अर्थ त्याच्याही आधीचा.

आणि या सगळ्या उपमांमध्ये देणारा देवच आहे. पौल म्हणतो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. रागावलेल्या बापाची समजूत काढायला मुलगा मध्ये पडला असं तिथं नाही.

हे मला उशिरा कळलं. नवा पाळक असताना मी एक गोष्ट सांगायचो, अजूनही अनेक जण सांगतात. रेल्वेच्या उघडझाप होणाऱ्या पुलावरचा कामगार, त्याचा लहान मुलगा यंत्रात अडकतो, समोरून भरलेली गाडी येतेय. बाप मुलाला चिरडू देतो, पूल बसवतो, प्रवासी वाचतात. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मला वाटायचं, उपदेश रंगला. एका रविवारी उपासना संपल्यावर दारात एक म्हातारी थांबली. कॅम्पात स्वयंपाकाची कामं करायची. म्हणाली, ‘पाळकसाहेब, त्या पोराला कुणी इचारलं होतं का?’

मी गोष्ट सांगणं बंद केलं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. बाप बळी देतोय आणि मुलगा बळी पडतोय, असे दोन पक्ष तिथं नाहीतच. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धांत अवघड म्हणून आम्ही तो बाजूला ठेवतो, पण तो काढून घेतला की क्रूसाची गोष्ट क्रूर होते, आणि त्या म्हातारीला ती तशी ऐकू आली यात तिचं काही चुकलं नाही.

‘तशीच क्षमा का नाही केली?’ यावर माझं उत्तर असं की तशी, म्हणजे फुकट, क्षमा मी तरी कुठं पाहिलेली नाही. कुणाचे दोन लाख तुम्ही माफ केले तर ते दोन लाख नाहीसे होत नाहीत, ते तुमच्या खिशातून गेलेले असतात. शब्दानं झालेल्या जखमेचंही तेच, उलटून बोलायचं नाही असं ज्यानं ठरवलं त्याला ती गिळावी लागते. नव्या करारात फिलेमोनाला लिहिलेलं एका पानाचं पत्र आहे. अनेसिम नावाचा गुलाम मालकापासून दुरावून पौलाकडे आलेला. पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला लिहितो, त्याला आता भाऊ म्हणून घे. त्याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड. हे मी, पौल, माझ्या हातानं लिहितो, मी फेडीन. त्या वेळी तो स्वतः तुरुंगात होता. खंडणीचा अर्थ मला विचाराल तर मी तुमच्या हाती हे पत्र देईन.

एक गोष्ट चिडूनच सांगतो. बलिदानाच्या या भाषेचा दुरुपयोग आमच्याच लोकांनी भरपूर केलाय. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘आपला क्रूस उचल’ म्हणून परत पाठवणारे मी पाहिले आहेत. मूल गेलेल्या आईला ‘देवानंही आपला पुत्र दिला’ असं दवाखान्याच्या जिन्यात सांगणारे पाहिले आहेत. ती आई मला म्हणाली, देवाला माझा कशाला लागला? दुसऱ्यावर लादलेलं बलिदान ते बलिदान नव्हे. आणि इब्री लोकांस पत्र तर ठासून सांगतं की ख्रिस्ताचा यज्ञ एकदाच झाला, आता आणखी बळी नकोत. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि तिथले यज्ञ थांबले. ख्रिस्ती मंडळीनं स्वतःची बळीची वेदी पुन्हा उभारली नाही. कॅथॉलिक बांधव मिस्साला यज्ञ म्हणतात, पण तोच एकमेव यज्ञ तिथं उपस्थित होतो, नव्यानं होत नाही, अशी त्यांचीही शिकवण आहे. आम्ही प्रॉटेस्टंट ‘स्मरण’ या शब्दावर जोर देतो. त्या भांडणात इथं शिरत नाही.

तारणाचा अर्थ पुण्याजवळ बघायचा असेल तर दौंडच्या अलीकडे केडगावला जाऊन या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी तिथं उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना आणि विधवांना आणलं, आणि संस्थेचं नाव ठेवलं मुक्ती. मुलींना अक्षरओळख दिली, हाताला काम दिलं, छापखाना चालवला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि १९२२ साली त्या गेल्या तोवर हातातलं काम पुरं करत आणलं होतं. त्यांच्या लेखी सोडवणूक म्हणजे मेल्यावरची व्यवस्था एवढीच नव्हती. मुलगी जिवंत राहणं, तिनं वाचायला शिकणं हे त्यातच आलं. ‘मोक्ष’ आणि ‘तारण’ यांत मला जाणवणारा फरक इथंच आहे. मोक्षात बंधनातून सुटून जाणं आहे. तारणात कोणीतरी येऊन सोडवून घरी घेऊन जातं, आणि मग त्या घरात राहायचं असतं.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. ईस्टरच्या पहाटे भाकर आणि द्राक्षरस वाटतील तेव्हा बाकावर शांत बसून राहा. ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, त्यामुळे न घेणं हा अपमान ठरत नाही. आमच्यातलेही कितीतरी जण काही ना काही मनात असलं की बसून राहतात. रांगेतल्यांना वाट द्यायला पाय तेवढे आत घ्या. नंतर चहा आणि उकडलेली अंडी मिळतील, ती मात्र सोडू नका. आणि पुढच्या गुड फ्रायडेला पुन्हा तीन तास बसणार असाल तर पंख्याखालची जागा धरा. ती साडेअकरालाच भरलेली असते.